सहा कागदांना कुंकू

नांदूरघाट
पाडव्याच्या आदल्या दिवशी

चि. वर्षाराणीला शहादेवकाकाचा आशीर्वाद.

तू म्हणशील, खिशात फोन असताना काका कागद कावून काळा करतोय. सांगतो. शेडात दिवसभर पत्रा ठोकणं चालू असतंय, त्यात पलीकडचं अर्धंच ऐकू येतं, अन् उरलेल्या अर्ध्याला म्या 'हां हां' म्हणून टाकतो. मागं असाच 'हां' म्हणलो तर एका गड्यानं दीड टन पत्रा दारात आणून टाकला. तवापासून पैशाची गोष्ट कागदावर. तू बी कागदावरच उत्तर दे. बँकेत हायस, शाई फुकट असंल.

जानेवारीत एक बाई आलती, युगांडाची. नाव नाकातो. मसिंदी म्हणून गाव हाय, तिथं तिचा दीडशे एकर ऊस. आपला गूळ करायचा संच, चरक, काहिली, चुलवण सगळं आलं त्यात, तिनं फोनवर बघितला अन् थेट नांदूरघाटला उतरली. खिशातून स्वतःची टेप काढून चरकाचे रूळ मोजले. म्हणली, तिसरा रूळ दोन सूत बारीक हाय. व्हता. हा चरक शिकताना म्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर देऊन बसलो, तरी मला ते दिसलं न्हाई, अन् बाईला पाच मिनिटांत दिसलं. तुझ्या काकूनं तिला भाकरी-ठेचा खाऊ घातला, जाताना कुंकू लावून ओटी भरली. ठेच्यानं बाई रडली, ओटीनं हसली.

आता ती चार संच मागतीय, एकाचे तीस लाख. पण पैसे कसे, तर पंधरा टक्के आधी अन् बाकीचे तीन वर्षांत, सहा महिन्याला एक हप्ता. पोरी, म्या पंधरा वर्षं मुकादमकी केली. ऊसतोडीला निघायच्या आधी जोडप्याच्या हातात उचल ठेवायची, मग त्यांनी कारखान्यावर तोडून फेडायची. पैसा आधी, काम मागून. हितं काम आधी अन् पैसा तीन वर्षांनी. ही उफराटी उचल झाली. उचल घेऊन कुणी पळालं तर म्या जीप काढून त्याच्या सासुरवाडीपर्यंत जायचो. मसिंदीला जीप जात न्हाई.

बाई चांगली हाय. पण चांगल्या माणसाला बी तीन वर्षांत कायबी हुतंय. काय करू ते लिही.

तुझा
शहादेवकाका

(याच पाकिटात, कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं:)

वर्षा, ही चिठ्ठी त्यांच्या नजरेआड घालतीय. त्यांनी एक गोष्ट तुला लिहिली न्हाई. शेडात कामाला असलेली अकरा जोडपी दर दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. यंदा ह्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, मुकादम जेवढी उचल देतो तेवढी दिवाळीला म्या देतो, पगार वर, पण कोयता घरी ठेवा, बारा महिने शेडात राहा. पोरांची शाळेत नावं सुदिक घातली लोकांनी. आता बाईचा पैसा दिवाळीला आला न्हाई तर ही अकरा घरं ट्रकात बसणार. मला भ्या वाटतंय. म्या सांगितलं असं म्हणू नको.
गीताकाकू


पुणे
१४ एप्रिल

ती. काकांना नमस्कार.

आज बँकेला सुट्टी आहे म्हणून निवांत लिहिते. शाई माझी आहे, बँकेची नाही.

तीन वर्षं थांबायची पाळी तुमच्यावर येऊ नये, याचीच सोय आमच्या विभागात करतात. नीट वाचा आणि मध्येच 'हां' म्हणू नका.

नाकातोबाईंकडून अठरा लाख आधी घ्या. उरलेल्या एक कोटी दोन लाखांच्या त्या सहा वचनचिठ्ठ्या लिहून देतील. प्रत्येक चिठ्ठीवर 'अमुक तारखेला सतरा लाख देईन' आणि खाली त्यांची सही. त्या सहीच्या शेजारी त्यांच्या बँकेचा शिक्का आणि सही, म्हणजे बाईंनी दिले नाहीत तर ती बँक देणार. असे सहा कागद हातात आले की ते तुम्ही आमच्या बँकेला विकून टाकायचे. आम्ही तीन वर्षांचं व्याज आणि जोखमीचं कापून सत्याऐंशी लाख एकरकमी तुमच्या खात्यात टाकतो. पुढे हप्ते गोळा करायचं काम आमचं.

पंधरा लाख कापतात हे वाचून तुम्ही आत्ता उठून उभे राहिला असाल. बसा. ते पंधरा लाख धरूनच संचाची किंमत सांगायची असते, आणि तीस लाखांत तुम्ही ते धरलेत असं मी समजते. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी की उद्या बाई बुडाल्या, त्यांची बँक बुडाली, तरी आमची बँक तुमच्या दारात येत नाही. कागद विकला की तुम्ही मोकळे.

काकूला सांगा, तब्येतीची काळजी घे आणि उगाच कशाला घाबरू नकोस.

तुमची
वर्षा


नांदूरघाट
नागपंचमी

चि. वर्षास आशीर्वाद.

'तुम्ही मोकळे' ही ओळ म्या धुळाजीकडून तीनदा वाचून घेतली. धुळाजी म्हणजे आपला वेल्डर, तोच जो लग्नात नाचताना मांडवाचा खांब घेऊन पडलता. तुला म्हणून सांगतो. मुकादम असताना सतरा कोयते, म्हणजे सतरा जोडपी, उचल घेऊन गुलबर्ग्याकडं पसार झाले, अन् कारखान्यानं पै न पै माझ्याकडून वसूल केली. चार एकर गेलं. तवा मला कुणी 'मोकळा' म्हणलं न्हाई. असली बँक तवा असती तर माझं बोट बी शाबूत राहिलं असतं, चरकाच्या धंद्यात पडलोच नसतो.

अठरा लाख आले अन् पत्र्या-लोखंडात गेले बी. चारी संच मुंबईच्या बंदरावरनं जहाजात चढले. तिसरा रूळ म्या स्वतः तपासलाय, चारी ठिकाणी.

पण एक शंका हाय. बाईचा जामीन तिची बँक. मग त्या बँकेचा जामीन कोण? ती बँक कुठल्या गावची, तिच्याबद्दल चार लोक काय बोलतात, हे कुणी बघून आलंय का? सोयरीक करताना आपुन नवऱ्याच्या गावात जाऊन न्हाव्याच्या दुकानात बसतो. सगळं कळतं. तुमच्या बँकेचं मसिंदीला कुणी न्हाव्याकडं गेलतं का?

शहादेवकाका


पुणे
१६ ऑगस्ट

ती. काका,

आमच्या बँकेत न्हाव्याचं काम करणारा वेगळा विभाग आहे. कुठल्या देशातल्या कुठल्या बँकेची हमी किती रकमेपर्यंत धरायची याची यादीच असते. बाईंची बँक यादीत आहे. शिवाय निर्यातीचा विमा आम्ही वेगळा काढलाय. तुमचं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, पण माझ्या साहेबांचं झालंय.

काका, एक विचारते. पैसे आले की तुम्ही त्यातून कुणाला काही द्यायचं कबूल केलंय का? सहज विचारतेय.

वर्षा


नांदूरघाट
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. वर्षास आशीर्वाद.

'सहज विचारतेय' म्हणणारी बाई सहज विचारत नसती. तुझ्या काकूची पेन्सिल मला सापडलीय, टोक केलेली. ठीक हाय, तुला कळलंच हाय तर लपवून काय करू. अकरा घरांना जबान दिलीय.

काल सोनं लुटायला हरिबा आला. माझ्याच हाताखाली शिकलेला, आता मोठा मुकादम. आपट्याची पानं माझ्या हातात दिली अन् शेडाकडं बघत उभा राहिला. म्हणला, 'कावून बे शहादेवा, माझी माणसं दाबून ठेवलीस?' म्या म्हणलो, माणसं त्यांची त्यांची हायत. तर म्हणला, 'अठरा नोव्हेंबरला ट्रक निघतोय. तवर तुझ्या आफ्रिकेच्या बाईनं दिलं तर तू खरा. न्हाई तर उचल माझ्या खिशात तयार हाय.' अन् खरंच खिसा फुगलेला व्हता. धुळाजीच्या बायकोनं बी तो बघितला.

सहा कागद कुठं हायत?

शहादेवकाका


पुणे
१८ ऑक्टोबर

ती. काका,

कागद निघालेत. करारावर तुमचा पत्ता असल्यामुळे कुरिअर आधी नांदूरघाटला येईल. दिवाळीच्या सुमारास मिळतील. तुम्ही फक्त ते दुसऱ्या पाकिटात घालून रजिस्टर पोस्टानं माझ्याकडे पाठवायचे.

पुढचं काकूलाही वाचून दाखवा. कागदांना घडी घालायची नाही. टाचणी नाही, स्टेपल नाही, भोक पाडायचं नाही. कोपऱ्यात हिशोब करायचा नाही, फोन नंबर लिहून ठेवायचा नाही. पाण्याचा तांब्या आणि चहाचा कप दोन हात लांब. त्या कागदावर जे छापलंय आणि ज्या सह्या आहेत, तेवढंच असलं पाहिजे. विकत घेणारा ती सही भिंगातून बघतो.

वर्षा


नांदूरघाट
भाऊबीज

चि. वर्षास आशीर्वाद.

दिवाळी बरी झाली. शेवया बऱ्या झाल्या. हवा बरी हाय.

कागद मिळाले. घडी घातली न्हाई, टाचणी लावली न्हाई, भोक न्हाई, हिशोब न्हाई, चहा न्हाई. सगळं तू लिहिल्याबरहुकूम. सोबत पाठवले हायत.

एक सहज विचारतो. भिंगातून बघणाऱ्या माणसाला लाल रंगाचं काही वावडं हाय का?

शहादेवकाका

(कॅलेंडरची चिठ्ठी, यावेळी पेननं:)

वर्षा, पेन्सिल जप्त झाली. खरं सांगते. लक्ष्मीपूजनाला आपल्यात चोपड्या पुजतात हे तुला माहितीच हाय. ह्यांनी चोपडीवर ते सहा कागद ठेवले, म्हणले, यंदाची लक्ष्मी हीच. अन् मग कागदांना कुंकू लागलं, ओल्या बोटाचं, सहाच्या सहा कागदांना, बरोबर त्या बँकेच्या गोल शिक्क्यावर. शिक्का देवाच्या टाकासारखा गोल दिसत व्हता. सही जरा फुटली. ह्यांना समजावून सांग बाई, म्या सांगून थकले.
गीताकाकू


पुणे
७ नोव्हेंबर

काका,

नमस्कार वगैरे आज राहू द्या.

पाकीट मी साहेबांसमोर उघडलं. साहेबांनी पहिला कागद उचलला, मग दुसरा, मग सहावा. भिंगाची गरज पडली नाही. सहाही कागदांवर हमी देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याची सही कुंकवात विरघळली आहे. साहेब नागरकोइलचे आहेत, त्यांनी कुंकू ओळखलं, डोळ्यांना लावल्यासारखं केलं, आणि कागद परत केले. असे घेता येणार नाहीत.

मी सगळं लिहिलं होतं. कुंकू लिहायचं राहिलं. ती माझी चूक, कारण मी नांदूरघाटची असून विसरले.

आता ऐका. संच मसिंदीला पोचलेत. बाईंचा गूळ निघायला लागलाय. त्यांनी नवे कागद द्यायलाच पाहिजेत असा कुठलाही नियम त्यांच्यावर नाही, उपकार करतील तर देतील. मी त्यांना आणि त्यांच्या बँकेला लिहिलंय. नवे कागद त्या माझ्या पत्त्यावर पाठवतील, आणि ते हातात पडल्यावरच आपण जुने परत द्यायचे. आधी नाही. जुने कागद फुटलेले का असेनात, बाई पैसे देणं लागतात याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे आहे. बँकेचे नसल्यामुळे मला ते इथे ठेवून घेता येत नाहीत, म्हणून परत पाठवतेय. कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि कुलपाला काही लावू नका.

मला रडू येतंय काका. अकरा घरांतली तोंडं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

वर्षा


नांदूरघाट
१३ नोव्हेंबर

चि. वर्षास आशीर्वाद.

तू रडू नको. चूक माझी हाय, बोट माझं, पूजा माझी. काकूला एक शब्द बोलू नको.

जुने कागद म्या काल नाकातोबाईला पाठवून दिले. केजच्या कुरिअरवाल्यानं साडेतीन हजार घेतले. सोबत चिठ्ठी घातली, धुळाजीच्या पोरीनं विंग्रजी करून दिली. लिहिलं, बाई, तुमची जबान आमच्या हातनं खराब झाली. खराब जबान धरून ठिवणं बरं न्हाई, म्हणून परत देतोय. नवी द्यायची का न्हाई, ते तुमी ठरवा.

तू वरडशील, म्हणून आधी सांगतो. मुकादमकीत म्या लोकांचे अंगठे घेतलेले कागद पेटीत धरून बसलो व्हतो. सतरा कोयते पळाले तवा त्या कागदांनी एकालाबी परत आणलं न्हाई. ज्यांना यायचं व्हतं ते स्वतः आले, तिघं. हाच माझा अनुभव. तुमच्या बँकेचा येगळा असंल.

हरिबाचा ट्रक पाच दिवसांवर आलाय. म्या सगळ्यांना शेडात बसवून खरं ते सांगितलं.

शहादेवकाका


पुणे
१७ नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, धुळाजींची मदत न घेता.

आता तुमच्याजवळ संच नाहीत, पैसे नाहीत आणि कागदही नाहीत. इतक्या रिकाम्या हातानं बसलेला निर्यातदार आमच्या विभागात आजवर कुणी पाहिला नाही. साहेबांना मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मला नांदूरघाटला बदली देतील, आणि आमची तिथे शाखा नाही.

खूप राग आलाय. काही कळलं की लिहीन.

वर्षा


पुणे
३० नोव्हेंबर

ती. काका आणि ती. काकू,

सहा नवे कागद मंगळवारी माझ्या टेबलावर आले. कोरे करकरीत, सही ठळक, शिक्का गोल. गुरुवारी बँकेनं ते विकत घेतले. काल सत्याऐंशी लाख दहा हजार तुमच्या खात्यात जमा झाले. वरचे दहा हजार व्याजाचा दर मध्ये जरा उतरल्यामुळे, तुम्ही आधी पाणी प्या.

आता नाकातोबाईंनी मला लिहिलेलं पत्र. त्या लिहितात, बँकेच्या अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की नवे कागद देऊ नका, जुन्यांचा वाद घाला, वर्ष सहज निघेल. तेवढ्यात तुमचं पाकीट पोचलं. बाई लिहितात, 'माझं देणं माझ्या हातात परत देणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी ते कागद अधिकाऱ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, आता वाद कुणाशी घालू?' त्याच दुपारी त्यांनी नव्यावर सह्या करून घेतल्या.

आणि पुढे एक ओळ आहे. 'लाल ठिपका पाहताच ओळखला. गीताबाईंनी निघताना माझ्या कपाळावर लावला होता, तेवढाच छोटा.'

काका, मी फायलीतल्या जुन्या कागदांच्या प्रती काढून बघितल्या. सहाही ठशांत बोटाचं अख्खं टोक उमटलंय, बारीक रेषांसकट. कुंकू लावायचं तुमचं करंगळीशेजारचं बोट तर पेरापासून चरकात राहिलंय. 'बोट माझं' असं तुम्ही कुठल्या बोटाच्या जिवावर लिहिलंत?

काकू, तू मला चिठ्ठ्या लिहून काकांना समजावायला सांगत होतीस. मी आठ दिवस त्यांच्यावर चिडून होते.

आता माझंही एक. कागद साहेबांकडे न्यायच्या आधी मी पर्समधलं कुंकू काढलं होतं. कागदांना हात लावला नाही. कुंकू पाकिटाला लावलं. पाकीट विकायचं नव्हतं.

वर्षा


नांदूरघाट
५ डिसेंबर

चि. वर्षास आशीर्वाद.

पकडलंस. काकूला बोलू नको म्हणून लिहिलं व्हतं, ते तेवढ्यासाठीच. पूजेला बसलो तवा तिनं अकरा घरांची नावं घेत घेत कुंकू लावलं. सहा कागदांना अकरा नावं पुरवताना बोट जरा जास्तच ओलं झालं. म्या बघत व्हतो. थांबव म्हणायला तोंड उघडलं न्हाई, मग चूक माझीच की.

आता ट्रकाचं सांगतो. अठराला हरिबा शेडासमोर येऊन उभा राहिला, खिसा तसाच. अकरांतलाच एक धुळाजी, तो उठला अन् म्हणला, त्या बाईनं टेप लावून दोन सूत काढलं, अन् तरी आपलाच माल घेतला. फसवायचं असतं तर माप कशाला घेतलं असतं. म्या थांबतो. नऊ घरं थांबली. दोघांच्या घरात दुखणं व्हतं, त्यांनी उचल घेतली अन् ट्रकात बसली. म्या त्यांना काय म्हणणार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जीप काढली. कराडच्या अलीकडं फडावर गाठलं दोन्ही जोडप्यांना. जीप बघून ती घाबरली, मुकादमाची सवय असते ना. हरिबाच्या हातात त्यांची उचल ठेवली, मोजून. हरिबा नोटा मोजता मोजता म्हणला, 'उचल वसूल करायला जीप येती हे माहीत व्हतं. फेडायला आलेली पहिल्यांदा बघतोय बे.' मग त्यानंच त्यांची बोचकी जीपमधी चढवली. येताना पोरं मागं झोपली अन् म्या रडलो. गाडी चालवत व्हतो म्हणून कुणाला दिसलं न्हाई.

शेडाच्या भिंतीवर आता अकरा कोयते टांगलेत. बाई आणखी दोन संच मागतीय. परत सहा कागद यायचे.

शहादेवकाका

(कॅलेंडरच्या पाठीमागं, जप्त झालेल्या पेन्सिलीनं:)

वर्षा, म्या तुला खोटं लिहिलं न्हाई, निम्मं लिहिलं. चुकलं माझं. ह्यांनी माझ्यासाठी महिनाभर बोलणी खाल्ली, अन् तोंडातनं ब्र काढला न्हाई. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला ह्यांची लाज वाटली न्हाई असं म्हणणार व्हते, पण तसं लिहिलं तर फुगतील.
पुढचे कागद यायच्या आत म्या कुंकवाचा करंडा कपाटात घालून कुलूप लावलंय. चावी ह्या पाकिटात हाय, तुझ्यापाशी ठेव. रोजच्यापुरतं एका डबीत काढून घेतलंय. अन् पाकिटापुरतं एका पुडीत बांधलंय, ते बी सोबत घातलंय.
गीताकाकू